डॉक्टर इमारतीत होते

१

डेल्मार ट्वेटच्या फुप्फुसाभोवती पाणी साठलं होतं. ते सुईनं काढायला त्याला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं आणि थोड्या वेळानं चादर ओढून बाहेर आणलं. त्याची बहीण आर्डिस बाहेर बाकावर हातमोजे विणत बसली होती. किरकोळ काम आहे, पुढचं बोट विणून होईस्तोवर भाऊ परत येईल, असं तिला सांगितलं होतं. म्हातारीला काय झालंय हे कळायलाच बराच वेळ लागला म्हणतात. ती नर्सला विचारत राहिली, याला थंडी वाजतेय का, तोंडावरून का पांघरलंय?

मी मार्लिस ओड्डेन, राज्याच्या परवाना मंडळाची तपासनीस. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या सगळ्यांचे परवाने आमच्याकडे असतात. आधी बारा वर्षं मीही तेच काम केलंय, त्यामुळे मला कोणी गुंडाळू पाहिलं की माझं डोकं फिरतं.

डेल्मारला सुई टोचली ती डार्ला व्होल्कनं. ती रेडिओलॉजिस्टची सहायक. म्हणजे धड डॉक्टर नाही आणि नुसती टेक्निशियनही नाही. तिनं सुई घालावी, नळी सरकवावी, एक्स-रेत काही वावगं वाटलं तर डॉक्टरच्या कानावर घालावं. पण निदान करायचं नाही, ते डॉक्टरचं काम. आणि ती सुई घालत असेल तेव्हा तिचा डॉक्टर त्याच इमारतीत हजर हवा. घरी बसून फोनवर 'हं, हं' केलेलं आमच्या राज्यात चालत नाही.

असल्या प्रकरणात माझा पहिला संशय ठरलेला असतो. हिवाळ्याचे दिवस, तळं गोठलेलं, म्हणजे डॉक्टर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले असणार. निम्म्या वेळा तो खरा निघतो.

या खेपेला साहेबांनी माझ्यापुढे फाइल टाकली आणि म्हणाले, "मार्लिस, यात शोधण्यासारखं काही नाही. बाईनं लिहूनच दिलंय, चूक माझी एकटीची. शुक्रवारी सुनावणी आहे. परवाना जाईल, मग सरकारी वकील तिच्यावर मनुष्यवधाचा खटला भरेल. तू फक्त जाऊन ये."

मी शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. सुई उजव्या बाजूला घातली होती. उजवं फुप्फुस ठणठणीत होतं. तेच सुईनं फाटलं आणि मिटलं. पाणी डावीकडे होतं, ते तसंच राहिलं. बिचाऱ्याला श्वास घ्यायला काही उरलंच नाही.

हे वाईट, पण समजण्यासारखं. पुढची ओळ वाचून मात्र मी खुर्चीतून उठले. डेल्मार ट्वेटचं हृदय उजवीकडे होतं. हजारात नव्हे, कैक हजारांत एखादा माणूस असा जन्माला येतो.

आणि ज्या एक्स-रेवरून सुई घातली त्यात हृदय डावीकडे होतं आणि पाणी उजवीकडे. एक तर एक्स-रे खोटा होता, नाही तर प्रेत.

२

एल्सबर्ग हे गाव म्हणजे धान्याची उंच कोठारं, दोन लुथरन चर्चं आणि एक लहानसं हॉस्पिटल. हॉस्पिटलचा व्यवस्थापक केंट ओल्सगार्ड मला दारातच भेटला. मी काही विचारायच्या आतच त्यानं पाढा सुरू केला. डॉक्टर इमारतीत होते. डॉक्टर सकाळपासून इमारतीत होते. कुणालाही विचारा, डॉक्टर इमारतीत होते.

"मी विचारलं का तुम्हाला?" मी म्हटलं.

तो जरा चपापला. मग खरं बोलला. या हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट एकच, डॉ. लोएल सँडविक. ते गेले तर हा विभागच बंद होणार, आणि मग पाय मोडलेल्या माणसालाही दोन तास बर्फातून शहरात न्यावं लागणार. त्याचं भय मला समजलं, पण त्याची भलामण मला आवडली नाही. त्याचं मत सरळ होतं: एक्स-रेंची अदलाबदल झाली, कुणा दुसऱ्याचा एक्स-रे डेल्मारच्या नावावर गेला, आणि तो घोळ टेक्निशियन बॉनी यूस्टनं घातला.

बॉनी साठीला आलेली, गोल चेहऱ्याची बाई. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. अदलाबदल झाली म्हटल्यावर ती उसळलीच. सकाळपासून छातीचा एक्स-रे मी एकच काढला, अदलाबदल कुणाशी करू, भिंतीशी?

"मग हृदय डावीकडे कसं आलं?"

"मला काय माहीत? मी काढते, बघत नाही. बघणारे आत असतात."

मी तिला तो एक्स-रे पडद्यावर लावायला सांगितला. छान, स्वच्छ चित्र होतं. हृदय जिथं असायला हवं तिथं. मी नेहमीच्या सवयीनं कोपऱ्यात बघितलं. आमच्या धंद्यात प्रत्येकाकडे शिशाची छोटी अक्षरं असतात, डावं की उजवं ते सांगणारी, खाली आपल्या नावाचं अक्षर. एक्स-रे काढताना ती बाजूला चिकटवायची, म्हणजे ती चित्रात उमटतात. बॉनीनं डाव्या बाजूचं अक्षर लावलं होतं. ते पाण्याच्या अगदी शेजारी उमटलं होतं, आणि ते उलटं होतं. आरशात दिसावं तसं.

मी बॉनीकडे बघितलं, बॉनीनं माझ्याकडे. तिनं हात तोंडावर नेला.

एक्स-रे डेल्मारचाच होता. कुणीतरी तो संगणकावर आडवा पलटवला होता. उजवीकडचं हृदय डावीकडे गेलं, डावीकडचं पाणी उजवीकडे आलं, आणि ते शिशाचं अक्षर ओरडून सांगत होतं की ही बाजू डावी आहे. ते कुणी ऐकलं नाही.

३

हे कुणी केलं हे शोधायला मला फार कष्ट पडले नाहीत. डार्ला व्होल्क घरी बसून होती. चाळिशीची, उंच, पाठ ताठ. तिनं कॉफी दिली, समोर बसली आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "मी पलटवला."

आता हा वेडेपणा वाटेल, पण तो आमच्याच लोकांच्या हातून होणारा वेडेपणा आहे. छातीचा एक्स-रे काढताना टेक्निशियननं माणसाला चुकून उलटा उभा केला की हृदय भलतीकडे दिसतं. मग आम्ही चित्र पलटवतो आणि पुढे जातो. बॉनीच्या हातून असं एक-दोनदा झालं होतं. डार्लानं हृदय उजवीकडे बघितलं आणि तिला वाटलं, झालं, बॉनीनं पुन्हा घोळ घातला. खरोखरच कुणाचं हृदय उजवीकडे असेल, हे आयुष्यात एकदा घडणारं. ते तिच्या मनात आलंच नाही. सोनोग्राफीचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, नाही तर पाणी कुठे आहे ते तिला सुईआधीच दिसलं असतं. म्हातारा धापा टाकत होता. तिनं चित्रावर भरवसा ठेवला.

"डॉक्टरांना विचारलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"घाई होती. चूक माझी एकटीची आहे. शुक्रवारी तेच सांगणार आहे."

ती हे पाठ केल्यासारखं म्हणाली. मुलगी नववीत, नवरा कोठारावर हमाली करतो, आणि ही बाई तुरुंगात जायला निघालेली, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मला तिची कीवही आली आणि रागही.

तिथून मी आर्डिसकडे गेले. असल्या वेळी म्हाताऱ्या माणसाला भेटायला जाणं मी टाळते, पण जावं लागलं. तिनं मला लेफ्सा, म्हणजे बटाट्याची मऊ पोळी, खाऊ घातला, वर लोणी आणि साखर, आणि भावाबद्दल बोलत राहिली. डेल्मारनं उभ्या जन्मात डॉक्टरचं तोंड बघितलं नव्हतं. शाळेच्या मैदानावर सामन्याआधी राष्ट्रगीत व्हायचं, सगळे डाव्या छातीवर हात ठेवायचे, हा उजव्या. लोक चिडवायचे. तो म्हणायचा, माझं हृदय इथं आहे त्याला मी काय करू? लोक आणखी हसायचे, कारण डेल्मार तोंडावरची माशीही हलू न देता थापा मारण्यात गावात पहिला.

"त्यानं हॉस्पिटलात सांगितलं होतं, पोरी," आर्डिस म्हणाली. "एक्स-रे काढणाऱ्या बाईला. तीपण हसली. मीसुद्धा हसले. मला वाटलं, याचं आपलं नेहमीचंच."

मी बशी बाजूला ठेवली. मी परत हॉस्पिटलात गेले आणि बॉनीला विचारलं. तिनं कबूल केलं. हो, म्हणाला होता. हसले मी. मग तिनं डोळे पुसले आणि आपणहून आणखी एक गोष्ट सांगितली.

"डार्लानं विचारलं नाही असं कसं म्हणते ती? मी तिथंच उभी होते. एक्स-रे बघितला, उठली, डॉक्टरांच्या खोलीत गेली, परत आली आणि मग पलटवला."

म्हणजे डार्ला खोटं बोलत होती. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे मी रोज बघते. स्वतःला बुडवायला खोटं बोलणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

४

डॉ. सँडविकांना मी पूर्वीपासून ओळखत होते. मी शिकत असताना ते आम्हाला शिकवायला यायचे. शिशाचं अक्षर वाकडं लागलं तरी एक्स-रे अंगावर भिरकावायचे. सहायकांना परवाना द्यायचा कायदा आमच्या राज्यात झाला तो त्यांनी विधिमंडळात खेटे घातले म्हणून, आणि 'डॉक्टर इमारतीत हवा' हे कलमही त्यांनीच हट्टानं घालून घेतलं होतं. माझ्यासाठी तो माणूस फार मोठा होता.

ते त्यांच्या अंधाऱ्या खोलीत बसले होते. रेडिओलॉजिस्टची खोली अंधारीच असते, पडदा नीट दिसावा म्हणून. मी दारात उभी राहिले.

"कोण?"

"मार्लिस. मार्लिस ओड्डेन."

"अगं ये, ये. आवाज अजून तसाच आहे तुझा, कुऱ्हाडीसारखा."

मी बसले. त्यांनी सांगितलं ते डार्लाच्या अगदी उलट. ती आली होती, तिनं विचारलं होतं, मी एक्स-रे बघितला आणि पलटव म्हटलं. पलटल्यावरही बघितला, पण उलटं झालेलं अक्षर माझ्या नजरेतून सुटलं. दोष माझा. तिला सोडा.

हे सगळं ते माझ्या कानाकडे बघत बोलले. मला वाटलं, शरमेनं नजर देत नाहीत. निघताना मी सहज केसांवरून हात फिरवला, कानाला काही लागलंय का म्हणून.

बाहेर त्यांची बायको ज्यूडिथ वाट बघत होती. ती त्यांना रोज सोडते आणि न्यायला येते, दोघं हातात हात घालून गाडीपर्यंत जातात. नर्सा कौतुकानं बघत होत्या. बॉनीनं मात्र नाक मुरडलं. एवढं प्रेम तर मग चर्चच्या तळघरातल्या पत्त्यांच्या डावाला का येत नाहीत हल्ली? पूर्वी एक बुधवार चुकत नव्हता. मोठे झाले आता, आम्ही दिसलो तरी ओळख दाखवत नाहीत.

तिथंच, त्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या माझ्या डोक्यात प्रश्न आला. शिशाचं अक्षर वाकडं लागलं म्हणून आरडाओरडा करणारा माणूस उलटं अक्षर सोडेल? तेही सहायक मुद्दाम येऊन 'हृदय भलतीकडे दिसतंय' म्हणत असताना? दमलेला असो, घाईत असो, डोळ्यांपुढे आलं की त्याला ते दिसणारच.

डोळ्यांपुढे आलं की.

५

दुसऱ्या दिवशी मी बॉनीला हाताशी धरलं. डॉक्टरांच्या पडद्यावर आम्ही एक एक्स-रे लावला आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. केंटलाही बोलावून मागे उभं केलं.

"डॉक्टर, सुनावणीसाठी एवढं एकदा दाखवा. ते अक्षर कुठे होतं?"

ते पडद्याकडे वळले. मान जराशी तिरकी केली. मग बोट उचलून खालच्या कोपऱ्याकडे नेलं.

"हे काय, इथं. उलटं आहे, दिसतंय की. मला तेव्हा कसं दिसलं नाही देव जाणे."

पडद्यावर डेल्मार नव्हता. बाईच्या छातीचा एक्स-रे होता, त्यात पेसमेकरचा लखलखीत पांढरा डबा, लहान पोरानंही बोट ठेवावं असा. आणि त्या कोपऱ्यात अक्षर नव्हतंच.

केंटच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मी म्हटलं, "डॉक्टर, हा डेल्मारचा एक्स-रे नाही."

त्यांचं बोट तसंच पडद्यावर राहिलं. मग हळूच खाली आलं.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील. मधलं गेलं. कडेकडेचं दिसतं थोडं." ते अगदी शांतपणे बोलत होते, वर्गात शिकवायचे तसे. "भिंती दिसतात, माणसाच्या कडा दिसतात. समोर धरलेलं काही दिसत नाही."

म्हणून ते माझ्या कानाकडे बघत होते. कानाकडे बघितलं तरच माझा चेहरा त्यांना थोडाफार दिसत होता. पत्ते सुटले, ओळख दाखवणं सुटलं, गाडी सुटली. एक्स-रे मात्र सुटले नाहीत. डार्ला आत यायची, जे दिसेल ते सांगायची, डॉक्टर त्यावरून निदान बोलायचे आणि खाली सही व्हायची. डेल्मारच्या वेळी ती म्हणाली, हृदय उजवीकडे दिसतंय, बघता का? ते म्हणाले, बॉनीनं पुन्हा उलटा उभा केला असेल, पलटव. कायद्यानं डार्लानं जे करायचं ते सगळं केलं होतं. शंका आली, वरिष्ठाला विचारलं, वरिष्ठानं सांगितलं तसं केलं. माणूस मेला तो देखरेखीनंच.

"तुम्ही थांबला का नाहीत?" माझा आवाज चढला होता. मला त्यांची लाज वाटत होती आणि ती लपवता येत नव्हती.

"मी थांबलो असतो तर हा विभाग बंद झाला असता. आणि मार्लिस, कायद्यात लिहिलंय डॉक्टर इमारतीत हवा. मी होतो."

ते कलम मला तोंडपाठ होतं. त्यात डॉक्टर कुठे असावा हे होतं. त्याला दिसायला हवं असं कुणी लिहिलं नव्हतं. ते लिहावं लागेल असं कुणाच्या मनातच आलं नसेल.

मागे केंट भिंतीला टेकून उभा होता. तो पुटपुटला, "दोन वर्षं. दोन वर्षांत अख्खं गाव येऊन गेलंय इथं."

६

शुक्रवारी डार्लानं खरं सांगितलं. आधी नाही म्हणत होती. या माणसानं मला शिकवलं, परवाना मिळवून दिला, त्याचं ऋण आहे, असलं काहीबाही. मी तिला म्हटलं, तू तुरुंगात गेलीस तर तुझ्या मुलीला हे ऋण समजावून सांगायला मी येणार नाही. मग ती रडली, आणि सुनावणीत सगळं बोलली. मनुष्यवधाचं बालंट तिच्यावरून टळलं. डॉक्टरांचं आंधळेपण लपवलं म्हणून परवाना मात्र वर्षभरासाठी गेला, आणि तो जायलाच हवा होता असं मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. आर्डिस शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं एवढंच विचारलं, म्हणजे त्याला कुणी बघितलंच नाही का?

दोन वर्षांचे सगळे एक्स-रे राजधानीत दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. बहुतेक निदानं बरोबर निघाली. गाव सुटकेचे निःश्वास टाकू लागलं. मग केंटचा मला फोन आला. त्याला नीट बोलता येईना. मॅमोग्राफीतली एक बाई तातडीनं बोलवायची आहे, म्हणाला, डाव्या स्तनात गाठ आहे, गेल्या वर्षीच्या एक्स-रेत स्पष्ट दिसते. खाली 'सर्व ठीक' अशी सही आहे. त्यानं नाव सांगितलं आणि म्हणाला, मला नाही जमणार मार्लिस, तू जाशील?

जाण्याआधी मी डार्लाला गाठलं. तिला तो एक्स-रे आठवत होता. तिनं काय सांगितलं ते ऐकलं आणि मी गाडीत बसले.

सँडविकांच्या स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. ज्यूडिथनं कॉफी ओतली, बशीत केकच्या वड्या ठेवल्या. ती थकलेली दिसत होती, पण माझ्यावर तिचा राग नव्हता. उलट म्हणाली, बरं झालं सुटलो एकदाचे, लपवून लपवून जीव मेटाकुटीला आला होता. डॉक्टर टेबलाशी बसले होते. मी ज्यूडिथचा हात धरला आणि सांगितलं.

ती ऐकत राहिली. किती मोठी आहे विचारलं. आता उशीर झाला का विचारलं. मी म्हटलं, मला खरंच माहीत नाही, शहरात तुमची आजच वेळ घेतली आहे.

मग ती म्हणाली, "गेल्या वर्षी कुणी बघितला होता माझा एक्स-रे? डार्लानं? तिला नाही दिसली?"

मला हे सांगायचं नव्हतं.

"तिला दिसली होती," डॉक्टर म्हणाले. "डावीकडे ढगाळ वाटतंय, डॉक्टर, असं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, ज्यूडिथचं पहिल्यापासून तसंच आहे, लिही ठीक म्हणून. मला तुझे जुने एक्स-रे आठवत होते."

ज्यूडिथ उठली, खुंटीवरचा कोट घातला, बटणं लावायला तिला वेळ लागला. मी मदत करायला गेले तर तिनं मानेनं नको म्हटलं. मला विचारलं, तुझ्या गाडीतून नेशील?

डॉक्टरांची खुर्ची मागे सरकली. ते टेबलाची कड धरून उभे राहिले. "थांब, ज्यूडिथ. मीही येतो."

"नको," ती म्हणाली. "आज तुझा हात धरायचं बळ नाही माझ्यात."

ती बाहेर गेली. मी तिच्यामागून निघाले आणि दार लावून घेतलं.